तुरटीचा काटा

कोपरखैरण्याच्या टाकीखालच्या खोलीत, रात्रपाळीला,
पाणी ऐकू येत नाही. वाचावं लागतं.
दर पाच मिनिटांनी घराघरातून आकडा यायचा
आणि पडद्यावर अख्खा सेक्टर कूस बदलायचा.

मीटर ४४७. पावणेतीनला नऊ लिटर, साडेतीनला पुन्हा नऊ.
"म्हातारा असणार," मढवी म्हणाला, चहात खारी बुडवत.
मीटर ५१२. गुरुवारी भरदुपारी दोन आंघोळी,
नावावर माणूस एकच.
मीटर ६०३. बावीस दिवस शून्य;
चोराला कुलपं बघत हिंडायला नको.
आम्ही हसलो.
मीही हसले होते, हे इथं लिहून ठेवते.

मग एकदा रजेवरून परतले तर मढवीच म्हणाला,
"परवा तुमच्याकडे दोन ते चार नळ थांबलाच नाही. पाहुणे होते?"
चादरी धूत होते.
तिसरा महिना होता, घरात कुणाला सांगितलंही नव्हतं.
आकड्यानं सांगितलं.

पावसाळ्यानंतर पनवेलहून रेहाना तुंगेकर आली, कंपनीची.
आता आकडा मीटरमध्येच कुलूपबंद होणार,
कुलपासकट इथं येणार, कुलपासकट त्याची बेरीज होणार.
किल्ली लागणार ती फक्त बेरजेला.
"न उघडता मोजायचं कसं?" मी विचारलं.
तिनं डब्यातून चण्याच्या दोन पुड्या काढल्या,
दोऱ्यानं बांधलेल्या, तशाच ठेवल्या
तुरटी तोलायच्या काट्यावर.
ऐंशी ग्रॅम.
"कुठल्या पुडीत किती, कळलं?"
नाही.
"पंपाला ऐंशीच पुरे."
मढवी पुटपुटला, झाकली मूठ सव्वा लाखाची.
ती म्हणाली, "हो, आणि सव्वा लाख बरोबर मोजायचेसुद्धा."
मग पुड्या सोडून आम्ही चणे खाल्ले.

आता पडद्यावर नुसती अक्षरांची खिचडी वाहते.
चारला पंप आपणहून जोर धरतो,
कुणासाठी, ते त्याला ठाऊक नाही, मला नाही.
खरं सांगायचं तर पहिले काही दिवस करमलं नाही.
४४७ उठतो का अजून?
एखाद्या रात्री नाही उठला, तर पूर्वी मला कळलं असतं.
याला रेहानाकडेही उत्तर नव्हतं.

सकाळी घरी जाताना तळमजल्याच्या एका खिडकीत
एक आजोबा दाढी करत होते, गालाला फेस.
तेच असतील, नसतीलही.
मी मान वळवली.

घरी आले. मोरीचं दार लावलं,
नळ पूर्ण सोडला
आणि बराच वेळ तशीच बसून राहिले.