मोकळा खिळा

खोकं संत्र्याचंच होतं, काटोलच्या बागेतलं,
बाजूवर निळा शिक्का : दर्जा दोन.
हेमराज रामटेकेनं ते दुकानात आणून आपटलं
अन् म्हणाला, भाऊ, याले पाय मारता आला पाहिजे.

मी सुतार, कमाल चौकातला.
पलंग कळतात मला, चौकटी कळतात.
हा गिटार घेऊन फिरतो, ब्लूज गातो म्हणे,
तिकडच्या कापूस वेचणाऱ्यांचं गाणं.
कापूस म्हटल्यावर मी पुढं काही विचारलं नाही.

आतून तेलाच्या पिंपाचा पत्रा ठोकला,
खाली शिलाई मशीनचं पायडल,
त्याला बांधला मिलचा धोटा.
धोटा त्याच्या बापाचा.
मिलला कुलूप लागलं त्या दिवशी
बापानं तो विजारीत खोचून आणला होता,
आयुष्यातली एकुलती चोरी.

घुंगरं मात्र माझी. म्हणजे मामाची.
मामा दंडारीत बाई होऊन नाचायचा,
झाडीतल्या गावांतून, पहाट होईस्तोवर.
मामीनं लुगड्याच्या चिंधीत बांधून
तांदळाच्या कोठीत ठेवली होती.
सत्तावीस. त्यातली चार मुकी.

बुधवारी रात्री, शटर अर्धं ओढून,
त्यानं पाय मारला.
धप्. खट्. धप्. खट्.
समोरची पानठेल्यावाली कौतिकाबाई
चुन्याचं बोट तसंच धरून बाहेर आली :
साचे चालू झाले का बे?
तिचा नवरा तिसऱ्या पाळीला असायचा.
कोणीच काही बोललं नाही.
हेमराजनं पाय थांबवला नाही, एवढंच.

मला एक वेगळीच खडखड ऐकू येत होती,
डाव्या कोपऱ्यात. खिळा बसला नव्हता.
तीस वर्षं मी वस्तूंची तोंडं बंद करत आलो,
दार कुरकुरलं की गिऱ्हाईक पैसे अडवतं.
हातोडी घेऊन वाकलो
तर त्यानं मनगट धरलं.
राहू दे भाऊ. त्याले बोलू दे.

परवा अजनीला, रेल्वेच्या हॉलमध्ये, तो वाजवत होता.
मी मागं, पंख्याखाली उभा.
गाण्यातलं अक्षर कळलं नाही,
खिळा तेवढा ऐकत होतो.
दुसऱ्या गाण्यात तो नीट वेळेवर यायला लागला.

घरी येऊन पलंगावर टेकलो. करकरला.
बायको म्हणाली, सुताराचं घर हे,
उद्या तरी बघा जरा.
बघू, म्हटलं,
आणि कूस बदलली,
मुद्दाम, दोनदा.