निरंक

लॉगबुकात शेवटचा रकाना शेऱ्याचा,
चार बोटं रुंद.
बावीस वर्षं मी तिथे एकच शब्द लिहितो : निरंक.
परिवहन विभागातल्या ओगलेबाई म्हणतात,
मुलाणी, तुमचं अक्षर सुधारलं नाही,
पण शब्दही बदलला नाही.

काल पाचगणी. भूशास्त्र, दुसरं वर्ष.
सतरा आसनं, अठरा पोरं आणि देवस्थळी मॅडम.
दोघांना गेटवरच उतरवलं.
एक म्हणाला, मी बारीक आहे मामा, मांडीवर बसतो.
म्हटलं, बारीक माणूस काचेतून
उलट लवकर जातो.
तो हसला. मग हसायचा थांबला.
ते दोघं स्वारगेटहून एसटीने गेले
आणि वाईच्या स्टँडवर आमच्या आधी पोचून
वडापाव खात बसले होते, हात हलवत.

मागच्या बाकाचे पट्टे पोरं गादीच्या फटीत कोंबतात.
निघण्याआधी मी कोपरापर्यंत हात घालतो.
पट्ट्यासोबत येतं काहीबाही :
पेनाचं टोपण, शेंगांची टरफलं, एक झुमका,
ग्रंथालयाच्या दंडाची पावती.
झुमका डॅशबोर्डवर ठेवलाय. महिना झाला,
कुणी विचारलं नाही.

टेबललँडखाली पोरांनी जांभा फोडला,
नमुन्यांच्या चौदा पिशव्या भरल्या, वर मार्करने आकडे.
मॅडम म्हणाल्या, टपावर टाका, आत पाय ठेवायला जागा नाही.
मी चावी खिशात घातली.
दगडांचं तुम्हाला कळतं मॅडम, वजनाचं मला.
वजन डोक्यावर गेलं की
गाडी वळणावर विचार करायला लागते,
आणि पसरणीच्या घाटात
गाडीनं विचार करू नये.

चाळीस मिनिटं तसेच उभे.
वारा, एक घोडेवाला, कणसांचा धूर.
पोरं माझ्याकडे बघत होती, ड्रायव्हर असून
काय हा माज, अशी.
मग मॅडमनीच पहिली पिशवी उचलली
आणि पुढच्या सीटखाली सरकवली.
आठ मावल्या. रस्ता मोकळा ठेवून आठच.
सहा तिथेच ओतल्या.
लाखो वर्षं होते ते दगड तिथे,
आणखी थोडे दिवस राहतील.

कात्रजचा नवा बोगदा संपला
की नवले पुलापर्यंत रस्ता खाली ओढतो.
इथे ट्रक न्यूट्रलमध्ये सुटतात,
वाटीभर डिझेलसाठी.
मी तिसऱ्यात घेतली. इंजिन कण्हायला लागलं.
मागून हॉर्न, वरचे दिवे, आईवरून शिव्या.
मामा, रिक्षा पुढे गेली!
जाऊ दे, तिला कुणी वाट बघत असेल.

उजवीकडून कंटेनर गेला,
जळक्या ब्रेकचा वास आमच्या खिडक्यांत सोडून.
अंताक्षरी ‘म’वर अडकली ती अडकलीच.

पुलाच्या अलीकडे तो दिसला, दुभाजकाला घासून थांबलेला,
चाकांतून धूर.
कुणाला काही झालं नव्हतं.
ड्रायव्हर रस्त्याच्या कडेला बसला होता,
हात गुडघ्यांवर,
पायात चपला नव्हत्या.
माझ्या धाकट्या भावाच्या वयाचा.
थांबावंसं वाटलं. मागे सतरा होते, थांबलो नाही.
आरशात मोजलं. पुन्हा मोजलं.
मॅडमनी न बोलता
आपला पट्टा ओढून पाहिला.

पावणेदहाला गाडी शेडमध्ये लावली.
किलोमीटर, डिझेल, वेळ, सही.
शेऱ्यावर पेन टेकवलं आणि थोडा वेळ तसंच धरलं.
त्या माणसाच्या पायांचं काय लिहायचं?
चार बोटांत मावलं नसतं.
निरंक.

मग दिवा लावून परत आत गेलो,
फटींतून पट्टे काढून गादीवर पसरले,
लाल मातीवर फडकं मारलं.
उद्या वनस्पतीशास्त्र, ताम्हिणी.
झाडं हलकी, पण ती पोरं
मुळांसकट माती आणतात.