जालना, टेप क्रमांक दोन

पहिल्या टेपवर नुसती खरखर
आणि सायलस पाटोळेचं खोकणं.
दुसरीवर ते तिघं आहेत.

मिशनच्या हॉलमधला पियानो,
वरची एक पट्टी उधईनं खाल्लेली.
सायलसचा हात तिथवर येतो, थबकतो,
नसलेला सूर मोजून पुढं जातो.
लोक त्याला नंतर शैली म्हणाले.

हनीफ लग्नाच्या बँडमधला,
काठ्या घरी ठेवून आलेला.
शिंदीच्या फड्यानं ताशा झाडतो,
पहाटे कुणी अंगण झाडावं तसा.
बासवर दगडूबा, जिनिंगमधून थेट,
केसांत कापूस, बोटांत रात्रपाळी.
सम दाराशी आली तरी घाई नाही त्याला,
पाहुण्यासारखी
ओट्यावर बसवून ठेवतो तिला.

सव्वाअकराला मनमाडची गाडी शिट्टी देते.
कुणी थांबत नाही.
सायलस तोच सूर शोधतो डाव्या हातानं
आणि गाडी गावाबाहेर जाईस्तोवर
चौघं वाजवतात.

मी तेव्हा नऊ वर्षांचा.
रेकॉर्डची दोन बटणं एकदम दाबायचं काम माझं.
टेप संपते तिथं ऐका:
हनीफ विचारतो, "आलं का रं?"
उत्तर माझं आहे.
ते अर्धंच आलंय.