जिल्दसाज

गंगाखेडच्या कोर्टात, बाररूममागच्या खोलीत
वाळवीनं दोन कपाटं खाल्ली,
म्हणून चाँदपाशा आलाय
खळीचं भांडं, दाभण आणि लोखंडी शिकंजा घेऊन.

जाड पुस्तकं आधी लागली भिंतीला:
मुद्रांक, कूळकायदा, नगरपालिका, मोटार वाहन.
मग बारीक टायपाची, खिशात मावेल अशी
एक प्रत हातात धरून तो थांबला.
"संविधान. हे कुठं, मॅडम?"
सगळ्यांच्या वर.
"बराबर. आमच्यात बी जड खाली, हलकं वर."

सुई ओवत म्हणाला,
"अब्बा मुन्सफीच्या मिसली बांधायचे.
तवा सगळ्यात वर हुजूर, त्यांच्या वर अल्ला.
आता वर कोण?"
कुणी नाही. हेच.
तो हसला नाही. दोरा दातानं तोडला.

"आन् बाकीच्यांनी ह्याचं ऐकलं नाही तर?"
कलम मला पाठ होतं, सांगता येईना.
मी त्याच्याच शिकंज्याकडे बोट केलं:
पुठ्ठ्याबाहेर आलेलं पान?
"कापतो."
सगळं?
"सगळं काहून? भाईर आलंय तेवढंच."

सात वर्षं वकिली करतेय.
इतकं नेमकं कुणी सांगितलं नव्हतं.

पण माझ्या पिशवीत ठराव क्रमांक एक्केचाळीस होता.
दीड पान, निळा शिक्का, घडीवर फाटलेला:
फाटकापलीकडील वस्तीस नळजोडणी देऊ नये,
पुढील आदेशापर्यंत.
पुढचा आदेश तेरा वर्षं वाटेत आहे.
धुरपताबाई म्हणते, पुस्तक वर आसंल, बाई,
माझ्या डोक्यावर हंडा हाय
आन् हंड्यावर ठराव.

चाँदपाशानं तो कागद मागून घेतला,
फाटल्या जागी पातळ पट्टी लावली, खळ पुसली.
शिकंज्यात मोटार वाहन अडकलेलं.
त्यानं इकडंतिकडं पाहिलं,
कागद टेबलावर पसरला
आणि त्याच्यावर ती छोटी प्रत ठेवली,
तळहातानं दाबून.

"हलकं हाय. वेळ लागंल," म्हणाला.
"रातभर उचलू नका."

सकाळी अकराची तारीख.
मी दिवा घालवला, कडी लावली,
आणि जिन्यावरून परत आले
कागद सरकला तर नाही ना,
एवढंच बघायला.