एका हाताची बॅग

धारवाडला दोनच रात्री,
आणि पलंगावर सात कुडते, शाल, दोन टॉवेल,
तापाची, पोटाची, अजून न आलेल्या खोकल्याचीही औषधं.

तानाक्का दारातच थबकली,
"घर मोडून निघूलालीस काय गं?"

खानापूरच्या भट्टीवर पस्तीस वर्षं
तिनं ट्रकात कुंड्या भरल्या, गवतात निजवून.
मांडी घालून बसली, बॅग पुढ्यात ओढली.
मोठ्यात बारकं. बारक्याच्या पोटात आणखी बारकं.
बुटात मोजे, मोज्यात चार्जर,
कुडते तीनच, सुरळी करून.
"घडीला कोपरं येतंय. मोडतंय ते कोपऱ्यातच."

शाल बाजूला टाकली. मी म्हटलं, लागली तर?
"धारवाडात माणसं राहत न्हाईत व्हय?
मागून घे की."

वीतभर जागा रिकामी ठेवली, येतानाच्या नावानं.
मग बॅग माझ्या डाव्या हातात दिली.
"उचल. उजवा मोकळा पायजे,
बसच्या दांड्याला."

सकाळी स्टँडवर अळणावरवरून जाणारी गाडी,
कंडक्टर ओरडतोय, "मुंदक्क होग्री, मुंदक्क!"
आणि तानाक्का पळत येते पदर खोचून,
हातात कन्नड पेपरात बांधलेलं काहीतरी गोल :
"माझ्या लेकीला दे. दह्याचं बुडकुलं हाय.
बॅगेत घालू नको, फुटंल. हातातच धर."

गाडी हलते.
दांडा सोडून
मी उजव्या कुशीत बुडकुलं घेते
आणि पडत नाही.
चारी बाजूंनी माणसं आहेत,
गवतासारखी.