तालुका

धनकवडीच्या शाळेचा प्रवेश-अर्ज.
जन्मगाव, तालुका, जिल्हा: तीन रेघा.
पहिलीवर लिहिलं, मस्कत.
दुसरीवर पेन अडकलं.

सातव्या महिन्यात नणंदेकडे गेले होते,
दहा दिवस, परतीचं तिकीट काढून.
नवव्या दिवशी रुवीच्या बाजारात
कढया बघताना सलवार भिजली.

दाखल्यावर अरबीत तिचं वजन, तास, मिनिट,
आणि माझं नाव, जे मलाच वाचता येईना.
तिथे माती कुणाला आपलं म्हणत नाही,
बाप म्हणतो.
आपल्याकडे आईही चालते,
फक्त वर्षाच्या आत वकिलातीत नोंद हवी.

बावीस दिवसांची पोर काचेच्या पेटीत
आणि मी सही करतेय:
हिच्याजवळ दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही.
हिच्याजवळ अजून भुवयाही नव्हत्या.

नोंद होईपर्यंत ही कुणाची, विचारलं
तर विश्राम म्हणाला, "पेटीची."
आणि हसता हसता भिंतीकडे वळला.

खिडकीतल्या कुंजीरबाई चष्म्यावरून बघतात.
"परदेश का? मग तालुका कुठला असणार!"
"रिकामं ठेवू?"
"रिकामं वरचे घेत नाहीत."
पेन माझ्या हातातून काढून
स्वतःच लिहितात, हवेली.
खोडावं का, विचार करते मी.
शाई आधीच वाळलेली.

बाकावर पाय हलवत शर्वाणी विचारते,
"मस्कत कात्रजच्या पुढे आहे?"
हो गं.
बरंच पुढे.