क्लीनरच्या बाजूचा समुद्र

हॉटेलानं मोडीत काढलेली ट्रॅव्हलर.
कुंकळ्ळीच्या इनास मेस्तानं तिच्यात
घडीचा पलंग बसवला, सिंक, नळ,
आणि फळीवरच्या डब्यांना आडवी पट्टी,
वळणावर मीठ साखरेत जाऊ नये म्हणून.
मागच्या काचेवर अजून पुसट वाचता येतं: विमानतळ.

एकतीस वर्षं रोहिदासनं बस चालवली,
मडगाव, बेतूल, आगोंद.
घरी येऊन सांगायचा क्लचचं,
खणगिणीच्या चढावर अडकलेल्या ट्रकचं,
कंडक्टरनं हरवलेल्या सुट्या पैशांचं.
मी विचारायची, समुद्र कसा होता?
तो म्हणायचा,
उजव्या हाताला होता.

तो रिटायर झाला त्या महिन्यात मी गाडी शिकले.
छप्पन्नाव्या वर्षी, चर्चच्या मैदानात,
त्यानं आखलेल्या चुन्याच्या रेषांमधून.
कडेला मांडलेल्या डब्यांना तो पॅसेंजर म्हणायचा.
एखादा कलंडला की, "गेला. चार पोरं होती त्याला."

जाताना स्टिअरिंग त्याच्याकडे.
बेतूलचा पूल ओलांडला, साळ नदी मागे राहिली,
आणि दर थांब्यावर गाडी आपोआप हळू होऊ लागली.
मोडक्या बाकासाठी.
सावलीत झोपलेल्या कुत्र्यासाठीसुद्धा.
"चला हो," मी म्हटलं, "कोणी नाही."
"ते थांबल्यावर कळतं."

नाकेरीला खरंच एकीनं हात केला.
डोक्यावर टोपली, टोपलीवर ओला गोणपाट.
पियेदाद चढली, शेगडी पाहिली, पडदे पाहिले,
पलंगाच्या कडेवर टेकून म्हणाली,
"ही बस काय घर गो?"
"दोनूय."
वीस रुपये हातात धरून ती कंडक्टर शोधत राहिली.
घेतले नाहीत तेव्हा रागावली,
उतरताना सिंकमध्ये चार बांगडे टाकून गेली.

रात्री ते तळले काब द रामच्या सड्यावर.
जांभा दिवसाची ऊब धरून होता.
समुद्र खाली कुठेतरी, नुसता आवाज,
अंधारात कोणी तांदूळ पाखडत बसल्यासारखा.
रोहिदास टॉर्च घेऊन चाकांचे नट तपासत होता.
"इथं बस वळवायचो," म्हणाला.
"दहा मिनिटं मिळायची. चहा, बिडी.
त्या टोकापर्यंत कधी गेलो नाही."
का नाही, ते मी विचारलं नाही.
त्यानंही पाना खाली ठेवला नाही.

पुढे गालजीबागला दोन रात्री, सुरूच्या बनात.
पाण्याची टाकी गळली. भांडलो.
वाळूत पलंगाची गादी सुकवली.

परतताना किल्ली मी घेतली.
आता समुद्र डावीकडे, क्लीनरच्या बाजूला,
अख्खी खिडकी त्याची.
आगोंदचा चढ लागला तसा त्याचा उजवा पाय
रिकाम्या पत्र्यावर ब्रेक दाबू लागला.
"दुसरा घाल. हॉर्न. अगं, हॉर्न दे!"
दिला. वळणापलीकडे एक वासरू,
त्यानं आमच्याकडे पाहिलं आणि चरत राहिलं.
मग सूचना विरळ झाल्या.
काजूच्या झाडांमधून निळं काही सरकून गेलं,
मला ते कडेच्या आरशात, पाठमोरं, दिसलं.
"पाहिलात का?"

मान काचेला टेकून तो झोपला होता.
तोंड उघडं, चष्मा कलता,
तळवे मांडीवर उताणे,
या रस्त्यावर पहिल्यांदाच.
त्याच्या पलीकडे दुपारचा सगळा उजेड पाण्यावर पडलेला,
आणि मला मान वळवायची सोय नव्हती:
उतार, सुटी खडी, समोरून वाळूचा टिप्पर.

खणगिणीच्या थांब्यावर गाडी हळू झाली.
मी केली की तिनं, सांगता येणार नाही.
थांबलो.
कोणी नव्हतं.
इंजिन चालूच ठेवलं.
ते बंद पडलं की तो जागा होतो.